बरगडी

फर्स्ट इयरला कारपेंट्री शॉपचा जॉब आपण सगळ्यांनीच केलाय. टी-जॉइंट! सबमिशनच्या आदल्या रात्री सिनियरचा जुना जॉब पॉलिश पेपरने घासून... असो, हे मॅगझिन स्टाफही वाचतो. मुद्दा एवढाच, की लाकूड म्हणजे मागासलेलं मटेरियल अशी आपली पक्की समजूत असते. खरं इंजिनिअरिंग म्हणे सीएनसीपासून सुरू होतं.

तर मंडळी, याच लाकडाचं विमान होतं आणि माणसं ते घरी बांधतात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचं खेडं आहे. तिथल्या बर्नार्ड पीटनपोल या स्वतःच शिकलेल्या मेकॅनिकने १९२९ साली फोर्डच्या 'मॉडेल ए' गाडीचं इंजिन बसवून दोन सीटचं लाकडी विमान उडवलं. इंजिन जेमतेम ४० हॉर्सपॉवरचं, म्हणजे आपल्या ट्रॅक्टरएवढं! त्याच्या 'एअर कँपर'चे आराखडे १९३२ साली छापून आले, आणि लोक आजही त्यावरून गॅरेजमध्ये विमानं बांधतात. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१७ साली त्याची नोंदणीही झाली. पण ते धातूचं. माझा जीव लाकडात अडकला, कारण आमचे अण्णा सुतार आहेत.

थर्ड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी 'एअर कँपर'च्या पंखाची एक बरगडी, म्हणजे विंग रिब, करायला घेतली. उडवायला नव्हे, समजून घ्यायला. अण्णांना ते अजिबात आवडलं नाही.

"कर्ज काढून शिकवतोय ते तुझ्या हातातनं रंधा सुटावा म्हनून. आन तू परत लाकडालाच हात घालतोस?"

यावर मी काय बोलणार? गप्पपणे प्लायवर बरगडीचं चित्र पूर्ण मापात काढलं, पाच फूट लांब. रेषेच्या दोन्ही अंगांनी लाकडाचे छोटे ठोकळे ठोकले. हा साचा. पाव इंच बाय अर्ध्या इंचाच्या पट्ट्या त्यात बसवायच्या. पुढच्या टोकाला बाक जास्त, तिथली पट्टी गरम पाण्यात भिजवून वाकवायची. वरची पट्टी, खालची पट्टी, मध्ये उभ्या-तिरक्या काड्या. नीट बघितलं तर हा अप्लाइड मेकॅनिक्समधला ट्रस आहे! कापडावरची हवेची उचल बरगडीवर येते आणि बरगडी ती पंखाच्या मुख्य दांड्यांना देते.

विमानाला स्प्रूस लाकूड लागतं. माझ्याकडे पॅकिंगच्या खोक्यांचं पाईन. नियम मात्र मी तोच लावत होतो : पंधरा इंचात रेषा एक इंचापेक्षा जास्त तिरकी जाता कामा नये आणि इंचात निदान सहा वार्षिक वलयं हवीत. फूटपट्टी घेऊन माझी मोजणी चालली होती. अण्णा दारातून बराच वेळ बघत राहिले. मग आले, पटाशीने कडेची एक ढलपी उडवली आणि ती कुठे पळते ते बघितलं. "ही टाक. ही पन टाक." तेरा पट्ट्यांतल्या चार उरल्या. फूटपट्टीने तपासल्या, चारही नियमात!

त्यानंतर ते काही तिथून हलले नाहीत.

काड्या जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंनी पातळ प्लायचे तुकडे, म्हणजे गसेट, चिकटवायचे असतात. का, हे मी सांगायच्या आतच अण्णा म्हणाले, "टोकाला सरस धरत नाही." बरोबर! लाकडाच्या कापलेल्या टोकाला गोंद नीट धरत नाही, म्हणून सगळा भार गसेटवरून जातो. बारीक खिळे फक्त गोंद वाळेपर्यंत दाबून धरायला; नंतर त्यांना फारसं काम नाही. नेहमीचा पांढरा गोंद इथे चालत नाही, सततच्या भाराखाली तो हळूहळू सरकतो. मी एपॉक्सी आणलं होतं.

प्रत्येक वेळी कालवलेल्या एपॉक्सीतून एक नमुन्याचा सांधाही करून ठेवायचा आणि वाळल्यावर मुद्दाम मोडायचा. गोंदाच्या रेषेवर सुटला तर ती बरगडी बाद, लाकूड फाटलं तर पास. सोळा तास खपून केलेली बरगडी समोर, आणि तो तुकडा अण्णांच्या हातात. खरं सांगतो, रिझल्टच्या दिवशी एवढी धडधड झाली नव्हती. त्यांनी तो शिकंज्यात धरून मोडला. कड्ड! गोंदावर लाकडाचे तंतू उभे राहिले होते.

"लाकूड गेलं, सांधा न्हाई," एवढंच म्हणाले. पण तो तुकडा फेकला नाही, खिशात घातला.

बरगडी आता माझ्या रूममध्ये पंख्याच्या हुकाला लटकते आहे. (रेक्टर सरांनी एकदा 'हे काय' म्हणून विचारलंय, परवानगी गृहीत धरली आहे.) साचा मात्र घरीच राहिला. गेल्या रविवारी अण्णांचा फोन आला. परीक्षेचं, मेसचं झालं. मग विचारलं, "तसल्या किती लागतात रं एका इमानाला?"

"तीसच्या आसपास, अण्णा. का?"

"काय न्हाई. दुसरी काल काढली साच्यातनं."