मुखत्यार म्हणजे मालक नव्हे

आपल्यापैकी पुष्कळांचे कोणी ना कोणी मुंबईला असते. भायखळ्याच्या पूर्वेला, रे रोड आणि कॉटन ग्रीन या स्टेशनांजवळ घोडपदेव नावाची वस्ती आहे. गिरणीत आणि गोदीत राबायला गेलेली घाटावरची आणि कोकणातली माणसे तिथे स्थिरावली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या गेल्या, पण माणसे राहिली आणि नातवंडे तिथेच वाढली. गावच्या सातबाऱ्यावर मात्र वारस म्हणून त्यांचीही नावे लागली. त्यामुळे जमीन कसणारा भाऊ गावात आणि सहीचा भाऊ घोडपदेवला, अशी आज कित्येक घरांची स्थिती आहे.

मागे एका गावात विहिरीच्या अनुदानाचे प्रकरण माझ्याकडे आले. सातबारा दोघा भावांचा. धाकट्याला मी म्हटले, थोरल्या भावाचे संमतीपत्र जोडा. थोरले घोडपदेवला राहतात. आठ दिवसांनी थोरल्यांचाच मला फोन आला, "साहेब, धाकट्याने कागद पाठवलाय. वर इंग्रजीत 'ऑथराइज' असं लिहिलंय. याचा अर्थ काय? सही करू का?" मी मजकूर वाचून दाखवायला सांगितले. ते होते चांगले सहा पानी कुलमुखत्यारपत्र. त्यात विहीर होतीच, शिवाय जमीन विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे, कोर्टात तडजोड करणे हेही सारे होते. धाकट्याच्या मनात काही काळे नव्हते. टंकलेखकाकडे जो मजकूर तयार होता, तोच त्याने उचलला होता.

त्या इंग्रजी शब्दाला मराठीत प्रतिशब्द किती, ते पाहा. अधिकार देणे, परवानगी देणे, मान्यता देणे, संमती देणे, अधिकार सोपवणे, मुखत्यार नेमणे, आणि अलीकडे सक्षम करणे. शब्दकोशात हे सगळे शेजारी शेजारी बसतात. कचेरीत मात्र प्रत्येकाचा कागद वेगळा आणि परिणामही वेगळा.

संमती म्हणजे 'तू हे कर, माझी हरकत नाही' एवढेच. काम तुमचा भाऊ स्वतःच्या नावाने करतो. परवाना सरकार देते, जसा खते-बियाण्यांच्या दुकानात भिंतीवर लावलेला असतो. (तो पाहून माल घ्यावा, हे जाता जाता सांगतो.) अधिकार सोपवणे हा कचेरीतला प्रकार. वरिष्ठ आपले काही काम खालच्याकडे देतो, आणि ते नीट होते की नाही यावर नजर त्यालाच ठेवावी लागते.

मुखत्यार हा शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ निवडलेला. आपण 'हे माझ्या अखत्यारीत नाही' म्हणतो, तो अखत्यारही त्याच घरचा. त्याचा अर्थ निवड. म्हणजे मुखत्यार हा तुम्ही निवडलेला माणूस. तो तुमच्या नावाने सही करतो आणि त्याने केलेले तुम्ही केल्यासारखे धरले जाते.

आता 'कुल' या शब्दाविषयी. घोडपदेवच्या त्या थोरल्यांना वाटले, कुलमुखत्यार केले की भाऊ आपला कूळ होणार आणि कूळकायद्याने जमीन जाणार! १९४८ च्या कूळकायद्याची आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना ही भीती वाटली तर नवल नाही. पण हा 'कुल' वेगळा. त्याचा अर्थ सगळा, एकूण. कुलमुखत्यार म्हणजे सगळ्या कामांचा मुखत्यार. भीती चुकीची होती, तरी थांबले हे बरे केले, कारण 'सगळ्या' या शब्दात विक्रीही येते.

एकाच कामासाठी खास मुखत्यारपत्र करता येते. त्यात गट नंबर, काम आणि मुदत स्पष्ट लिहावी. दिलेले मुखत्यारपत्र लेखी रद्द करता येते. ते नोंदणीकृत असेल तर रद्द केल्याचा कागदही नोंदवावा, आणि मुखत्याराला, बँकेला व तलाठ्याला लेखी कळवावे. मात्र पैसे घेऊन आणि मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध ठेवून केलेला कागद असा सहज रद्द होत नाही. 'हे रद्द करता येणार नाही' असे वाक्य दिसले की वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. सर्वसाधारण मुखत्यारपत्र देणारा वारला की त्याचा अंमल संपतो. १८७२ च्या करार कायद्यातच तसे आहे. मग वारसनोंद करावी लागते. जुना कागद दाखवून भागत नाही.

उलट बाजूनेही सांभाळा. मुखत्यारपत्रावर जमीन 'घेतली' म्हणणारे भेटतात. केवळ अशा कागदाने मालकी येत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सांगितले आहे.

शेवटचा शब्द सक्षमीकरण. सरकारने २००१ हे महिला सक्षमीकरण वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून तो सभेसभेत ऐकू येतो. ऐकताना वाटते, कोणीतरी बाईला काही देतो आहे. पण ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मतःच मुलाइतका आहे. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तो हक्क भावाने द्यायचा नसतो, तो तिचाच असतो. आणि नेमक्या याच ठिकाणी आपल्याकडे कागद बदलतो. भावाकडून संमतीपत्र मागतात, बहिणीपुढे मात्र हक्कसोडपत्र ठेवतात. मुखत्यारपत्र बहुधा परत घेता येते, नोंदलेले हक्कसोडपत्र मनात आले म्हणून परत घेता येत नाही.

त्या विहिरीच्या प्रकरणात थोरल्यांनी दीड पानाचे संमतीपत्र पाठवले आणि काम झाले. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव असते, तर तिच्याकडूनही तेवढेच दीड पान पुरले असते.