पेन्सिलीचे गोल

माझ्या टेबलाच्या खणात एक भिंग आहे. दहापट मोठं दाखवणारं, पितळी कडेचं. ते आमच्या सरांचं. सर्किट बोर्डावरचा सोल्डरिंगचा एकेक जोड ते या भिंगाखाली तपासायचे. सर मूळचे सोलापूरचे, नोकरी सगळी अहमदाबादला झाली. बर्फाच्छादित मुलूख त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. तरी बर्फाकडे कसं बघायचं, हे मला त्यांनीच शिकवलं.

२३ सप्टेंबर २००९ रोजी श्रीहरिकोट्याहून ओशनसॅट-२ झेपावला. त्याच्यावरचं ऑस्कॅट हे स्कॅटरोमीटर समुद्रावरचे वारे मोजण्यासाठी होतं. १३.५ गिगाहर्ट्झच्या लहरी खाली सोडायच्या आणि किती परत येतात ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. त्याच आकड्यांतून मी अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरचं वितळणं शोधत होते. कोरड्या हिमात ही लहर खोल शिरते आणि कणाकणावर आपटून परतते. त्याच हिमात पाण्याचा जरासा अंश आला, की लहर आतच जिरते. परतावा ३ डेसिबलने घसरला, म्हणजे निम्म्यावर आला, की मी तिथे ‘ओलं’ अशी खूण करायची.

एका हंगामात सतरा दिवस असे निघाले, की उपग्रह ‘ओलं’ म्हणत होता आणि हवेचा पारा शून्याच्या खाली. शून्याखाली हिम वितळेल कसं? मी त्या सतराही बिंदूंवर लाल काट मारली आणि आलेख सरांकडे नेला.

सर रागावले नाहीत. त्यांनी पेन्सिल घेतली आणि काट मारलेल्या एकेका बिंदूभोवती गोल काढला. सतरा गोल होईस्तोवर मी समोर उभी. मग म्हणाले, “यंत्र चुकतं, नाही असं नाही. पण सतरा वेळा एकाच बाजूला चुकत असेल, तर ते काहीतरी सांगतंय. खोडू नकोस. जाऊन बघ.”

त्यांनी ग्रीनलंडची आठवण करून दिली. जुलै २०१२ मध्ये नासाचे सोन न्गिएम आपल्याच ऑस्कॅटचे आकडे तपासत होते. ८ जुलैला बर्फस्तराच्या सुमारे ४० टक्के पृष्ठभागावर वितळणं होतं, १२ जुलैला ते सुमारे ९७ टक्क्यांवर गेलं. आकड्यांतच घोळ असावा, अशी शंका त्यांनाही आली. पण त्यांनी आकडे टाकून दिले नाहीत. दुसऱ्या उपग्रहांची साक्ष काढली आणि ती जुळली.

‘जाऊन बघ’ म्हणून सर मोकळे झाले नाहीत. अंटार्क्टिका मोहिमेसाठीचा माझा अर्ज घेऊन ते स्वतः चार दारं फिरले. निघताना त्यांनी हे भिंग माझ्या हातावर ठेवलं.

जानेवारी २०१४. मैत्री केंद्राच्या उत्तरेचा निव्लिसेन हिमफलक. लख्ख ऊन, हवा उणे ३. वरचं हिम मुठीत घेतलं, तर रव्यासारखं निसटून गेलं. फावड्याने वीतभर खाली उकरलं. तिथल्या हिमाचा मात्र मुठीत लाडू वळला. भिंग लावलं. दोन कणांच्या बेचक्यात पाणी बसलं होतं, दोन तारांना सोल्डरचा थेंब धरून ठेवतो तसं, कडेला बारीकशी कमान घेऊन. ऊन हिमात शिरून आतले कण वितळवत होतं आणि वरचा थर गार वाऱ्याने कोरडा राहिला होता. पारा खरा होता, उपग्रहही खरा होता.

केंद्रावरून फोन लावला. “सर, खाली ओलं आहे.”

“आणि वर?”

“कोरडं.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग प्रश्न आला, “किती ओलं?”

मला सांगता आलं नाही. पुढच्याच महिन्यात ऑस्कॅट बंद पडलं, पण तो प्रश्न मला चिकटला. कारण हिमात मुरलेलं एक ग्रॅम पाणी पुन्हा गोठतं, तेव्हा भोवतालच्या १६० ग्रॅम बर्फाचं तापमान एका अंशाने वाढवण्याइतकी उष्णता सोडतं. नुसतं ओलं की कोरडं, एवढ्यावर हा हिशेब सुटत नाही. आता स्मॉस आणि स्मॅप हे उपग्रह १.४ गिगाहर्ट्झवर हिमाच्या आणखी खालचं टिपतात, आणि ‘किती’चा अंदाज बांधता येऊ लागला आहे. गेली दहा वर्षं मी तेच काम करते आहे.

सर हे बघायला राहिले नाहीत. गोल काढलेला तो आलेख मी जपून ठेवला आहे. पेन्सिल पुसट झाली, लाल काट अजून ठळक आहे.

मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी आलेख घेऊन आली. पाच बिंदूंवर काट मारलेली. मी खण उघडला. भिंग वरच होतं, पण मी आधी पेन्सिल शोधली.