बाण सोडू की नको?

सप्टेंबर म्हटलं की आपल्याकडे ऑफिसमधली अर्धी जनता गणपतीच्या मूडमध्ये. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातही या महिन्यात काही ठराविक मंडळी ऑफिसमधून अचानक गायब होतात. मोबाइल नॉट रीचेबल, मेलला ऑटो-रिप्लाय. बॉसच गायब झाला असेल तर विचारायलाच नको! कारण एकच, एल्क.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला अमेरिकन भाऊ समजा. (खरं जवळचं नातं काश्मीरच्या हंगुलशी.) पूर्ण वाढलेला नर सव्वातीनशे किलोच्या आसपास. सप्टेंबरात तो माजावर येतो आणि ओरडतो. त्या ओरडण्याला 'ब्यूगल' म्हणतात. एवढ्या धिप्पाड प्राण्याच्या गळ्यातून चक्क तीक्ष्ण शिट्टी निघते. पहाटे पाचला तंबूत ती पहिल्यांदा ऐकाल तेव्हा अंगावर काटा येणार, गॅरंटी! आणि नेमका हाच महिना धनुष्यबाणवाल्यांचा. एल्कसाठी रायफलवाल्यांचे मुख्य सीझन त्यानंतर, ऑक्टोबरपासून.

माझा मावसभाऊ डेन्व्हरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचा बॉस दरवर्षी धनुष्य घेऊन डोंगरात जातो. मी म्हटलं, मलाही ने ना! भाऊ म्हणाला, "अगं, मावशीला कळलं तर मला फोडून काढेल." पण जमवलं त्याने.

डेन्व्हरहून आय-सेव्हंटी हायवेने पश्चिमेला निघायचं. आयझेनहॉवर बोगदा, मग ग्लेनवूडची दरी, आणि पुढे एक गाव लागतं, रायफल. हो, गावाचं नावच रायफल! तिथे कॉफी प्यायची आणि धनुष्यबाण घेऊन उत्तरेला मीकरकडे वळायचं. मीकरच्या पूर्वेला फ्लॅट टॉप्सचं रान आहे. माथे सपाट, आपल्या सह्याद्रीतल्या पठारांसारखे, फक्त उंची दहा हजार फुटांच्या वर. अस्पेनची झाडं सोनेरी व्हायला लागलेली. राखीव रानात गाडी नाही, बाइक नाही. चालत जा, नाहीतर घोड्यावर. म्हणजे एल्क मिळालाच तर मांस पाठीवरून आणायचं. एकेक मांडी 25-30 किलोची. आणि ते तिथेच टाकून यायची सोय नाही. चारही पाय आणि पाठीचं मांस खाण्यासाठी काढलंच पाहिजे, असा कायदाच आहे.

मला वाटलं होतं, या सगळ्याचं थ्रिल बाण सोडण्यात असेल. प्रत्यक्षात तीन दिवस मी फक्त बाण न सोडणं बघितलं.

आधी साधं गणित बघा. हे धनुष्य म्हणजे कंपाउंड बो, दोन्ही टोकांना चाकं असलेलं. पूर्ण ताणलं की हातावरचा भार पाचव्या हिश्शाइतका उरतो, म्हणून ताणून थोडा वेळ थांबता येतं. बाणाचा वेग सेकंदाला साधारण पावणेतीनशे फूट. एल्क 40 यार्डांवर, म्हणजे 120 फुटांवर असेल तर बाण पोचायला अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. तेवढ्यात एल्कने एक पाऊल टाकलं की संपलं. फुप्फुसाकडे निघालेला बाण पोटात घुसतो. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला तर तो प्राणी बहुतेक मिनिटभरातच कोसळतो. पोटात लागला तर तासन् तास तडफडतो, मैलोगणती चालत जातो, कधी कधी सापडतही नाही.

म्हणून फंडा असा की तो आडवा उभा हवा, किंवा किंचित पाठमोरा. समोरून छाती दिसते, पण तिथे हाडं फार आणि जागा चिंचोळी. बॉस समोरून बाण मारत नाही. काही जण मारतात, त्यावर शिकाऱ्यांमध्ये जोरदार भांडणं आहेत.

मग वाऱ्याचा खेळ. बॉसच्या खिशात पावडरची छोटी बाटली होती, दर दहा मिनिटांनी तो फुस्सकन पावडर उडवायचा. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर. ती उलटण्याच्या वेळी तुमचा वास कुठे जाईल सांगता येत नाही. एल्कचं नाक भारी तिखट. वास लागला की अख्खा कळप पसार!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. बॉसने तोंडातल्या शिट्टीने मादीचा आवाज काढला, नराने उत्तर दिलं आणि फरच्या झाडांतून शिंगं दिसली. 60 यार्ड, समोरून. नाही. 45, मध्ये फांद्या. बारीक काडीसुद्धा बाण भरकटवते. नाही. मग त्याचं डोकं एका जाड बुंध्यामागे गेलं, आणि त्याच क्षणी बॉसने धनुष्य ताणलं. ताणताना होणारी हालचाल दिसू नये म्हणून ही ट्रिक. एल्क बाहेर आला. 38 यार्ड, पूर्ण आडवा, शांत. माझ्या छातीत धडधड.

बॉसने बाण सोडला नाही. मिनिटभर तसाच उभा, हात थरथरायला लागलेले. मग हळूच दोरी सैल केली. नर वळला, निघून गेला.

तेव्हा मला दिसलं. त्याच्या बरोबर मागे, गवतात, एक मादी उभी होती. बाण अनेकदा आरपार जातो.

रात्री शेकोटीजवळ मी विचारलं, वाईट नाही वाटलं? तो म्हणाला, वाईट काय असतं ते मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी अंधार पडता पडता त्याने घाईत एक बाण मारला होता. दोन दिवस शोधलं, रक्ताचे थेंब एका ओढ्याशी संपले. लायसन्स अजून चालू होतं, पण त्या वर्षी त्याने धनुष्य पुन्हा उचललं नाही. आता कायदा सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत परवानगी देत असला तरी तो त्याआधीच उठतो. शोधायला उजेड हवा ना!

मला शिकार पटते का? अजूनही नाही. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय जवळपास मिटलाच, आणि बरंच झालं. (गंमत म्हणजे त्याच साली अमेरिकेने धनुष्यबाणांवर कर लावला, तो पैसा वन्यजीवांसाठी जातो.) पण चिकन सिक्स्टी-फाइव्ह ऑर्डर करताना आपण कुठे कुणाच्या फुप्फुसाचा हिशोब करतो?

परतताना रायफलच्या पेट्रोल पंपावर छद्मवेशी कपड्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, मिळाला का? बॉस म्हणाला, "38 यार्ड, आडवा. मागे मादी." म्हातारा नुसता "हं" म्हणाला आणि टाकी भरत राहिला.

शिकारीच्या भानगडीत न पडता ब्यूगल ऐकायचा असेल तर डेन्व्हरहून दीड-दोन तासांवर रॉकी माउंटन नॅशनल पार्क आहे. तिथे शिकारीला बंदी. सप्टेंबरच्या उत्तरार्धात संध्याकाळी एस्टेस पार्कच्या बाजूने जा, रस्त्याकडेला थांबा, इंजिन बंद करा. जॅकेट मात्र न्या, कुडकुडायला होतं.