मोत्याला मुभा असलेलं जंगल

सिएटलमध्ये आभाळ निवळलं की माउंट रेनियर घरातूनही दिसतो. पण आमच्या कुत्र्याला, मोत्याला घेऊन तिकडे जाण्यात अर्थ नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे कुत्र्याला वाहनतळ, कॅम्पग्राउंड आणि गाड्यांचे रस्ते एवढंच मोकळं, पायवाटांवर बंदी. म्हणून आम्ही आय-९० महामार्ग धरून पूर्वेला, माउंट बेकर-स्नोक्वाल्मी राष्ट्रीय वनात जातो.

साताऱ्याहून बाबा आले होते, तेव्हा त्यांनाही नेलं. उद्यान वेगळं आणि वन वेगळं, हे त्यांना पटेना. अमेरिकेतली राष्ट्रीय वनं १९०५पासून कृषी खात्याच्या वनसेवेकडे आहेत. तिथे लाकूडतोड चालते, गुरं चरतात, शिकारीलाही परवानगी मिळते. आणि बहुतेक वाटांवर कुत्रीही चालतात. "म्हणजे शेतीखात्याचं जंगल! मग बरोबर आहे, शेतावर कुत्रं हवंच," बाबांनी निकाल दिला.

त्या वनातल्या फ्रँकलिन फॉल्स धबधब्याची वाट जाऊन-येऊन जेमतेम सव्वातीन किलोमीटर. दिवसाचा पास तेव्हा ५ डॉलरचा होता, तो गाडीच्या काचेला लावला. दोन्ही बाजूंना डग्लस फर, हेमलॉक आणि सीडर, खाली गुडघ्याएवढं नेचं. मोत्या दर चार पावलांवर थांबून ओल्या खोडांचा वास घ्यायचा, त्यामुळे बाबांनाही दम खायला मिळायचा. पट्टा सहा फुटांचाच, वाटभर हातात. समोरून लहान मुलं आली की आम्ही कडेला होऊन मोत्याला बसवायचो. कुणी लाड करायला पुढे यायचं, कुणी घाबरून आईच्या मागे दडायचं.

ओढ्याकाठी मात्र माझं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे. इकडच्या नद्यांतल्या कच्च्या सॅमन-ट्राउटमध्ये एक बारीक कृमी असू शकतो आणि त्या कृमीत जिवाणू. वेळेवर उपचार झाले नाहीत, तर त्यानं कुत्रं दगावतं. त्यामुळे काठावर मेलेला मासा दिसला, की पट्टा आखडायचा.

धबधबा सत्तरेक फुटांचा. वरच्या अंगाला महामार्गाचा पूल, त्यावरून ट्रक जाताना दिसतात. शेवटचा टप्पा ओल्या, निसरड्या खडकांचा. तिथे बाबांना मी धरलं आणि मला मोत्यानं ओढलं. तुषारांत भिजून त्यानं अंग झाडलं ते नेमकं बाबांच्या स्वेटरवर.

परतीच्या वाटेवर मोत्यानं आपला कार्यक्रम उरकला. मी पिशवीत भरून गाठ मारली. "एवढ्या मोठ्या जंगलात हे कशाला उचलायचं?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, "बाबा, रोज इतकी कुत्री येतात. सगळ्यांचं इथेच राहिलं, तर पावसाबरोबर ओढ्यात जाईल. आणि तक्रारी वाढल्या, तर उद्या इथेही बंदी येईल."

ते त्यांना पटलं असावं. पुढे मोत्याचा पट्टा त्यांनी आपणहून मागून घेतला. पिशवी मात्र गाडीपर्यंत माझ्याच हातात राहिली.