लवणातला बोअर

पूरसंरक्षक बांधाच्या पाया-तपासणीत सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे समान अंतर. नकाशावर रेघ ओढली, ठरावीक साखळीला बोअर घेतले, प्रयोगशाळेचे आकडे तक्त्यात भरले, की अहवाल देखणा होतो. पण बांध सरासरी मातीवर फुटत नाही. तो फुटतो जिथे कधीकाळी नाला वाहत होता आणि आता वर काळी माती बसली आहे त्या एका जागी. यवतमाळ जिल्ह्यात पुसद-दिग्रसकडे बेसाल्ट बऱ्याचदा हाताशी असतो, म्हणून तिथले आडाखे वणी-झरीकडे नेले जातात. तिथे वर्धा आणि पैनगंगेच्या काठी गाळाचा थर जाड आहे आणि नदीने पात्र बदललेले आहे. अशा जुन्या पात्रांची लवणे, म्हणजे खोलगट पट्टे, कास्तकाराला ठाऊक असतात. पाऊस उघडला तरी तिथे पाणी हटत नाही, पऱ्हाटी पिवळी पडते. वर दोन-तीन मीटर काळी आणि खाली जुन्या पात्राची वाळू असली, तर पुराचे पाणी बांधाच्या पोटाखालून शिरते आणि पलीकडच्या वावरात वाळूसकट वर येते. बोअर थोडा अलीकडे घेतला असेल, तर अहवालात नुसती काळी माती दिसते.

काळी माती पाणी अडवते, मग एवढी काळजी कशाला, असे विचारणारे भेटतात. ओल्या नमुन्यापुरते ते खरेच आहे. भारतीय मानक १२०९४ चिकणमातीच्या बांधात पाझररेषेचा उतार चारास एक धरायला सांगते, पण तो हिशोब अंग सलग असलेल्या बांधाचा. मे महिन्यात ही माती हात जाईल इतकी भेगाळते आणि पहिला मोठा पूर भेगा मिटायच्या आत आला, तर पाणी पाझररेषा पाहत बसत नाही. म्हणून फुगवट्याची चाचणी एकाच ओलाव्यावर उरकून भागत नाही, आणि काळीवर मुरमाचे आवरण द्यायचे असेल तर मुरमाची खाणही याच तपासणीत शोधावी लागते. ती नंतर कंत्राटदार शोधतो, म्हणजे जवळची शोधतो.

पूरपातळीचे आकडे त्या मानाने सोपे वाटतात: शेतजमिनीसाठी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, शहरासाठी १०० वर्षांचा, वर निदान दीड मीटर मोकळी उंची. पण इसापूर धरणाआधीची पैनगंगा आणि नंतरची पैनगंगा यांच्या नोंदी एका मालिकेत बसवणे हे सोयीचे गणित आहे. शिवाय २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढले, यवतमाळात वाघाडी नदीला पूर आला. काही तासांच्या पावसात उपनदी आणि नाले काय करतात, हे मोठ्या नदीवरच्या मापनकेंद्रातून कळत नाही. त्या जुलैनंतर माझ्या कामाचा क्रम उलटला: आधी नाल्यांची तोंडे, मग बांधाची रेघ. नदी चढली की नाल्याच्या तोंडाशी बांधातल्या मोरीची झडप मिटते आणि आतले पाणी आतच चढते. ते कुठे थांबेल याचा हिशोब नसेल, तर बांध गावाला उलट्या बाजूने बुडवतो.

सरळ रेघेचा मोह मात्र मलाही सुटलेला नाही. आराखड्यावर ती आपल्या नावाने शोभते. ड्रोनवाल्या सल्लागारांच्या समोच्च रेषा पाहून मत्सरही वाटतो. तरी ड्रोनला जमिनीची फक्त पाठ दिसते. लवणात बोअर घ्यायचे म्हणजे खर्च वाढेल, हा आक्षेप मला पटत नाही: बोअर वाढवायचे नाहीत, हलवायचे आहेत. सपाट काळीत दोन कमी, लवणात दोन जास्त. आधी विद्युतरोधाचे सर्वेक्षण केले, तर कुठे हलवायचे याचा अंदाजही येतो. खरी कुरकूर वेगळीच आहे. लवणात घेतलेला बोअर नमुने काढल्यावर बेंटोनाइट-सिमेंटने तळापासून भरावा लागतो, नाहीतर वाळूतल्या पाण्याला वर यायला वाट आपणच करून दिलेली असते. अंदाजपत्रकात त्याची वेगळी बाब अनेकदा नसते, आणि बोअर निघालेल्या मातीनेच बुजवला जातो.