चेहऱ्यावर हात ठेवताना

विहाराच्या मागच्या खोलीत ब्युटी पार्लरचा वर्ग सुरू करावा असा ठराव आमच्या वस्तीतील महिला मंडळाने मांडला, तेव्हा पहिला विरोध वडीलधाऱ्यांकडून झाला. एक ज्येष्ठ उपासक उभे राहून म्हणाले, "बाबासाहेबानं शिका म्हटलं होतं जी, लोकायचे तोंडं घासा म्हटलं नव्हतं." सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. पण हसता हसता आम्हांला आमचे वडील आठवले.

वडिलांचे गाव समुद्रपूर तालुक्यातले. त्यांच्या लहानपणी गावचा न्हावी आमच्या लोकांच्या केसांना हात लावीत नसे. आपल्यातलाच एक म्हातारा लिंबाखाली बसून, गंजक्या कात्रीने सगळ्या पोरांची डोकी भादरायचा. पुढे वडील हिंगणघाटला जिनिंगमध्ये कामाला लागले आणि तेथे एका दुकानात खुर्चीवर बसून त्यांनी पहिल्यांदा दाढी करून घेतली. परक्या माणसाने आपल्या गालाला हात लावला, गरम पाण्याचा टॉवेल ठेवला, एवढीच ती गोष्ट. पण ती ते मरेपर्यंत सांगत होते. त्याच माणसाची नात आज दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर हात ठेवणार असेल, तर तो साधा धंदा कसा म्हणावा? हे आम्ही सभेत बोललो. शिवाय 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेऊन लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणते दागिने घालू नयेत, स्वच्छ कसे राहावे, हे मुद्दाम सांगितले होते, याचीही आठवण दिली. ठराव मंजूर झाला. आमचे शिक्षण बी.कॉम. आणि नोकरी कारकुनाची, म्हणून जमाखर्चाची वही आमच्या गळ्यात पडली.

नाभिक समाजाविषयी आमच्या मनात आकस आहे असे कोणी समजू नये. तथागतांच्या संघात उपाली हे नाभिकच होते. शाक्य राजकुमारांच्या आधी त्यांना दीक्षा मिळाली आणि विनयाच्या ज्ञानात ते सर्वांत अग्रगण्य ठरले. आणि 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्यांनी ठरविले. वस्तरा हातात असलेल्या माणसाने दिलेला तो नकार. त्याची आठवण आम्हांला पुढे फार झाली.

वर्ग 45 दिवसांचा. मुली 18. शिकविणाऱ्या मॅडम वर्ध्याहून बसने यायच्या. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. आम्ही ते सर्व दीड महिन्यात बसवू पाहत होतो, यावरूनच काय ते समजावे. चेहरा पुसणे, स्क्रब, वाफ, मसाज, पॅक हे सगळे मुलींनी भराभर उचलले. वाफेनंतर नाकावरचे काळे ठिपके, म्हणजे ब्लॅकहेड, काढण्याची एक लोखंडी सळई असते. एका टोकाला बारीक कडे, दुसऱ्या टोकाला सुई. मॅडमनी प्रत्येक मुलीला एक असे 18 संच मागितले होते. एक संच 180 रुपयांचा. आम्ही वहीत बघितले आणि दोनच संच घेतले. 2,880 रुपये वाचविले म्हणून कार्यकारिणीने आमचे कौतुकही केले! ठिपके काढण्याचा पाठ अर्ध्या दिवसात आटोपला. कोणता ठिपका काढायचा हे थोडेफार सांगून झाले. कोणता काढायचा नाही, हे सांगायला वेळच उरला नाही.

आमची भाची त्या वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. वर्ग संपल्यावर तिने घरोघरी जाऊन काम सुरू केले. लग्नसराईत तिला एका सधन घरातून बोलावणे आले. घर दुसऱ्या समाजाचे. भाचीची आई, म्हणजे आमची बहीण, त्या घरी सात वर्षे भांडी घासत होती. मागच्या दाराने आई जात असे, पुढच्या दाराने मुलगी गेली. वधूचे लग्न चार दिवसांवर होते. फेशियल छान झाले. नाकाच्या कडेला एक लालसर, ठणकणारा मुरुम होता. भाचीने तो सोडून दिला होता. वधूची आत्या म्हणाली, "काढून टाक वं पोरी, फोटोत दिसन." भाचीने एकदा म्हटले, राहू द्या. आत्या पुन्हा म्हणाली. मग तिने दाबला. आधी सळईने, नंतर सुईने टोचून, नंतर दोन बोटांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वधूचा गाल डोळ्याखालपर्यंत सुजला होता आणि ताप भरला होता. दोन दिवस दवाखान्यात राहावे लागले, सलाईनमधून औषधे द्यावी लागली. लग्न ठरल्या दिवशीच लागले, पण नाकाशेजारी काळसर डाग घेऊन. त्या घरातून निरोप आला, त्यात एक वाक्य होते. ते आम्ही येथे लिहीत नाही. एवढेच सांगतो की त्यात भाचीच्या हाताचा उल्लेख होता आणि तिच्या जातीचा होता.

आमचे रक्त खवळले. त्याच रात्री निवेदन लिहायला बसलो. कायदा आम्हांला माहीत आहे, पोलीस ठाणेही माहीत आहे, चळवळीत अशी निवेदने शेकड्याने लिहिली आहेत. भाची शेजारी गप्प बसून होती. अर्धे पान झाल्यावर ती म्हणाली, "मामाजी, ते बोलले ते वाईटच बोलले. पन सुई मी उकळली नव्हती." आमची लेखणी तेथेच थांबली. ती सुई त्या दिवशी तिसऱ्या गिऱ्हाइकाला लागली होती. स्वतःचा संच तिच्याकडे नव्हताच. मंडळाच्या दोन संचांतला एक ती आणत असे.

आम्ही तिला विचारले, दाबू नये असे वाटत होते ना, मग दाबलास का? तिचे उत्तर असे: "त्या बाईले मी नाही कशी म्हनू? माही आई त्यायच्या घरी भांडे घासत होती."

समाजाच्या कामात वीस वर्षे घालविली, मोर्चे काढले, पण या उत्तरापुढे आम्हांला बोलता आले नाही. आपल्या मुलींना आपण धंदा शिकविला, हिशेब शिकविला. समोरच्या मोठ्या घरच्या बाईला तोंडावर नाही म्हणायला शिकविले नव्हते.

तिसऱ्या दिवशी भाची आणि आम्ही त्या घरी गेलो. पुढच्या दारानेच गेलो. औषधाचे बिल 6,470 रुपये झाले होते. 1,500 भाचीने तिच्या कमाईतून ठेवले, बाकीचे आम्ही. चूक झाली ती सुईची आणि आमच्या शिकवणीची, हे आम्ही सांगितले. हाताबद्दल आणि जातीबद्दल जे बोलले गेले ते परत घ्यावे, हेही त्याच बैठकीत सांगितले. वधूचे वडील खाली बघत "चुकलं" म्हणाले. आत्या आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. ते अर्धे लिहिलेले निवेदन अजून आमच्या कपाटात आहे. काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, तुम्ही नमते घेतले. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतो.

दवाखान्यातल्या त्वचारोगतज्ज्ञ बाई मात्र भल्या होत्या. आमच्या विनंतीवरून एका रविवारी त्या विहारात आल्या. त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक घरातल्या मुलामुलींनी वाचावे, कारण आरशासमोर उभे राहून मुरुम फोडण्याची खोड कोणत्या घरात नाही?

ब्लॅकहेड म्हणजे मळ नव्हे. त्वचेच्या छिद्रात तेल आणि मेलेल्या पेशी साठून बूच बसते. छिद्राचे तोंड उघडे असते, म्हणून वरचा भाग काळा पडतो. ते घासून जात नाही. वाफेने मऊ करून, हातमोजे घालून, स्वच्छ कड्याने हलकेच दाबले आणि सहज निघाले तर काढावे; एक-दोनदा दाबून निघाले नाही तर सोडून द्यावे. नाकावर सगळ्यांनाच बारीक तेलाचे ठिपके असतात, ते काढले तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतात. त्यांच्या मागे लागू नये. डोळ्यांखाली मोहरीच्या दाण्यासारखे पांढरे कडक कण दिसतात, त्यांना तोंडच नसते. ते दाबून निघत नाहीत, ते डॉक्टरांचे काम. आणि लाल, दुखणारा, पू झालेला मुरुम कोणीच दाबू नये. दाबल्याने पू बाहेर येतो तसा आतही पसरतो. नाक आणि वरचा ओठ या भागातल्या शिरांचा संबंध मेंदूकडच्या शिरांशी आहे. तेथला जंतुसंसर्ग आत गेल्याची उदाहरणे क्वचित असतात, पण ती जीवावर बेततात. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर तर मुरुम बरा झाला तरी त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. जितके दाबाल तितका गडद.

सुईबद्दल बाईंनी सांगितले तेव्हा खोलीत चिडीचूप झाले. कावीळ-ब चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. म्हणून टोचायची वस्तू एकदाच वापरून फेकायची. बाकीची लोखंडी हत्यारे साबणाने घासून किमान वीस मिनिटे उकळायची. टॉवेल दर गिऱ्हाइकाला वेगळा. तीळ आणि चामखीळ यांना दोरा बांधणे, चुना लावणे हे उद्योग बंद.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती वर्धा जिल्ह्यात विशेष कळायला हवी. चेहऱ्यावर किंवा अंगावर फिकट चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर त्यावर स्क्रब घासू नये, त्या व्यक्तीला दवाखान्यात पाठवावे. तो कुष्ठरोग असू शकतो. आपल्याच जिल्ह्यात दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली कुष्ठरोग्यांसाठी काम उभे केले, तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. आज सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते आणि सहा महिने किंवा वर्षभर घेतले की रोग बरा होतो. पार्लरवाली बाई रोज इतके चेहरे जवळून बघते. डॉक्टरच्या आधी तिलाच तो चट्टा दिसणार.

एका मुलीने विचारले, गिऱ्हाईक गोरं करून मागते, काय करावे? बाई म्हणाल्या, गोरे करण्याच्या नावाखाली कोणतीही ट्यूब चोळू नका. त्यातल्या अनेकांत स्टिरॉइड असते. थोडे दिवस चेहरा उजळ दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, मुरुम वाढतात, केस उगवतात. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ती सर्रास मिळतात. रंगाचे हे वेड आपल्या घरांतही आहे, मुलगी बघायला गेल्यावर आपणही पहिल्यांदा तेच बघतो. त्यावर पुन्हा केव्हातरी लिहू.

दुसऱ्या वर्गाला आम्ही 18 संच घेतले. उकळण्याचे भांडे घेतले, हातमोजांची दोन खोकी घेतली. तो वर्ग 60 दिवसांचा केला आणि त्यात एक दिवस नुसता नकार देण्याचा ठेवला. हा दिवस भाचीनेच घेतला. एक मुलगी आत्या व्हायची, दुसरी पार्लरवाली. आत्या झालेली मुलगी म्हणायची, जास्तीचे 100 रुपये देते, काढ. पार्लरवालीने म्हणायचे, "नाही जी काकू, हा दुखरा हाये, मी हात नाही लावत. डॉक्टरले दाखवा." पहिल्यांदा बहुतेक मुलींचा आवाज बसला. एक तर रडली. तिसऱ्या फेरीला मात्र खोलीत इतका गलका झाला की तो पूर्वीचा विरोध करणारा ज्येष्ठ उपासक दारात येऊन उभा राहिला. "हे काय शिकवून रायली वं?" त्याने विचारले. भाची म्हणाली, "नाही म्हनाले शिकवून रायली, आजोबा." तो बराच वेळ तेथे उभा होता.

आता भाचीने बस थांब्याजवळ एक लहानसा गाळा भाड्याने घेतला आहे. नकार दिल्यामुळे काही गिऱ्हाइके गेली; पहिल्या महिन्यात भाडेही निघाले नाही, ते मंडळाने उसने दिले. दारावर तिने दरपत्रकाखाली ठळक अक्षरांत लिहून घेतले आहे: दुखरे मुरुम, तीळ, चामखीळ येथे काढून मिळणार नाहीत. पेंटरने 350 रुपये घेतले. ते कोणत्या खात्यात टाकावे असे तिने आम्हांला विचारले, आणि आम्ही हत्यारांच्या खात्यात टाक म्हणून सांगितले.