शरमेची दोन वर्षं

पनवेलहून लोकलने तिसरं स्टेशन खारघर. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तिथल्या टाटा केंद्रात आम्ही नवरा-बायको जात होतो. पाच आठवडे बाहेरून शेक, मग आतून. अल्लाहच्या मेहेरबानीनं आजार गेला, पण बिछाने वेगळे झाले. आमच्यातल्या एकाला वाटे, जवळ गेलो तर इजा होईल. दुसरीला वाटे, आपली किळस येते. दोन वर्षं दोघंही गप्प.

शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जवळ आल्यानं कॅन्सर लागत नाही, शेकही अंगात उरत नाही. योनिमार्ग मात्र आकसतो, कोरडा पडतो. त्यावर डायलेटर आहे, जेल आहे. घाई करू नका."

अन्सारी स्त्रिया शरमेपायी विचारायच्या थांबल्या नाहीत, म्हणून हजरत आयेशांनी त्यांची तारीफ केली होती. आमची दोन वर्षं शरमेनं खाल्ली. तुम्ही विचारा.